फ्रेड कीनर : एफ.ए. कप इंग्लंडबाहेर नेणारा कर्णधार

फ्रेडरिक चार्ल्स कीनर हा दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातला वेल्सचा सर्वांत नावाजलेला फुटबॉल कर्णधार. जन्म कार्डिफचा, 31 जुलै 1894 चा. 1912 मध्ये तो कार्डिफ सिटी या क्लबाचा व्यावसायिक खेळाडू झाला आणि 1931 पर्यंत त्याच क्लबात राहिला. या काळात तो क्लबाकडून पाचशेहून अधिक सामने खेळला. वेल्सकडून तो 32 आंतरराष्ट्रीय सामने खेळला. 23 एप्रिल 1927 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याच्या संघाने आर्सेनलला 1-0 असे हरवून एफ.ए. कप जिंकला. 1871-72 पासून चालत आलेली ही बाद पद्धतीची स्पर्धा त्याआधी किंवा त्यानंतर इंग्लंडबाहेरच्या एकाही क्लबाला जिंकता आलेली नाही.

कीनर ज्या शहरात वाढला ते कोळशाने उभे केले होते. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतून निघणारा कोळसा रेल्वेने कार्डिफ, बॅरी आणि पेनार्थच्या गोद्यांत यायचा आणि तिथून जहाजांनी जगभर जायचा. 1913 मध्ये या कोळसापट्ट्याने 5 कोटी 60 लाख टनांहून अधिक कोळसा काढला. तो उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. कार्डिफला शहराचा दर्जा मिळाला तो 1905 मध्ये, म्हणजे कीनर अकरा वर्षांचा असताना. राजधानीचा मान तर 1955 पर्यंत मिळालेला नव्हता.

या भागाचा खेळ मात्र फुटबॉल नव्हता. दक्षिण वेल्स रग्बीवर जीव टाकत असे. 1905 मध्ये वेल्सने न्यूझीलंडच्या रग्बी संघाला कार्डिफमध्येच हरवले, तेव्हापासून तर रग्बी हीच वेल्सची ओळख अशी लोकांची धारणा झाली. फुटबॉलचे बस्तान उत्तरेत होते. वेल्सची फुटबॉल संघटना 1876 मध्ये स्थापन झाली तीही उत्तरेतल्या रेक्सममध्ये. कार्डिफ सिटीचा उगम एका क्रिकेट क्लबात आहे. रिव्हरसाइड क्रिकेट क्लबाच्या मंडळींना हिवाळ्यातही एकत्र राहता यावे म्हणून बार्टली विल्सन या शिळाछापाच्या कारागिराने 1899 मध्ये फुटबॉलचा संघ काढला. 1908 मध्ये त्याला कार्डिफ सिटी हे नाव मिळाले. 1910 मध्ये क्लबाचे नवे मैदान तयार झाले. त्याच्या भाडेपट्ट्याला लॉर्ड निनियन क्रिक्टन-स्ट्युअर्ट हे जामीन राहिले, म्हणून मैदानाचे नाव निनियन पार्क. जागा पूर्वी शहराचा कचरा टाकण्याची होती. सामन्याआधी खेळाडूंनी मैदानभर फिरून काचांचे तुकडे वेचायचे, अशी तेव्हाची रीत होती.

कीनर एका गवंड्याचा मुलगा. घरात भावंडे पुष्कळ, पैसा बेताचा. रोथ भागातल्या स्टेसी रोडच्या शाळेत तो शिकला आणि 1907 मध्ये वेल्सच्या शालेय संघातून इंग्लंडविरुद्ध खेळला. कार्डिफ सिटीचे व्यवस्थापक फ्रेड स्ट्युअर्ट यांनी 1912 मध्ये त्याला व्यावसायिक करार दिला. क्लब तेव्हा सदर्न लीगमध्ये होता. डिसेंबर 1913 मध्ये एक्सेटर सिटीविरुद्ध तो पहिल्यांदा मुख्य संघातून उतरला. नाव व्हावे असे अजून काही घडले नव्हते, तोच महायुद्ध आले.

युद्धाच्या पहिल्या महिन्यांत ब्रिटनमध्ये फुटबॉलपटूंवर कडक टीका होत होती. धडधाकट तरुण पगार घेऊन चेंडूमागे धावतात आणि हजारो लोक ते बघायला जमतात, हे अनेकांना खटकत होते. त्याला उत्तर म्हणून डिसेंबर 1914 मध्ये लंडनच्या फुलहॅम टाऊन हॉलमधल्या सभेत मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी बटालियन उभारण्याचे ठरले. खेळाडूंची, क्लबांच्या नोकरांची आणि त्यांच्या चाहत्यांची ही बटालियन 'फुटबॉल बटालियन' म्हणूनच ओळखली गेली. कीनर फेब्रुवारी 1915 मध्ये तिच्यात भरती झाला. त्याच वर्षी लूसच्या लढाईत लॉर्ड निनियन मारले गेले आणि कार्डिफच्या मैदानाचे नाव हेच त्यांचे स्मारक होऊन बसले.

1916 च्या उन्हाळ्यात बटालियन सोमच्या आघाडीवर गेली. डेलव्हिल नावाच्या रानात, जिथे तोफांच्या माऱ्याने झाडांचे फक्त बुंधे उरले होते, कीनरच्या डाव्या पायात गोळ्याची किरच घुसली. एका सोबत्याने त्याला फरफटत मलमपट्टीच्या ठाण्यापर्यंत नेले, असे कीनर पुढे सांगत असे. पाय काढावा लागेल अशी धास्ती होती. पाय वाचला, पण बरे व्हायला कित्येक महिने लागले. त्यानंतर त्याला आघाडीवर न पाठवता सैनिकांच्या कवायतीचा शिक्षक नेमण्यात आले. या बटालियनमधले पुष्कळ खेळाडू परत आले नाहीत, आणि जे आले त्यांतल्या अनेकांना पुन्हा खेळता आले नाही. त्या मानाने कीनर सुदैवी ठरला. तरी युद्धाने त्याची विशीतली उमेदीची वर्षे खाल्ली. खऱ्या अर्थाने तो खेळायला लागला तेव्हा पंचविशी गाठली होती.

युद्धानंतर क्लबाचा गाडा रुळावर येईपर्यंत त्याने गॅसच्या कारखान्यात काम केले, घरोघर दूधही घातले. 1920 मध्ये फुटबॉल लीगचा विस्तार झाला आणि कार्डिफ सिटीला थेट दुसऱ्या श्रेणीत प्रवेश मिळाला. पहिल्याच मोसमात क्लबाने बर्मिंगहॅमइतकेच, म्हणजे 58 गुण मिळवले. गोलांच्या सरासरीत मागे पडल्याने दुसरा क्रमांक लागला, पण बढतीला तो पुरेसा होता. त्याच मोसमात हा संघ एफ.ए. कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. दोन वर्षांपूर्वी ज्यांचे नाव इंग्लंडमध्ये फारसे कोणाला माहीत नव्हते, ते आता पहिल्या श्रेणीत टॉटनहॅम आणि लिव्हरपूलशी खेळणार होते.

या झपाट्यामागे पैसा होता, आणि तो कोळशाचा होता. युद्धानंतरच्या तेजीत खाणकामगारांच्या हाती मजुरी खेळत होती. शनिवारी दुपारी खोऱ्यांतून कार्डिफकडे येणाऱ्या गाड्या भरभरून येत. त्या गर्दीच्या जोरावर स्ट्युअर्ट यांनी स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून खेळाडू विकत घेतले. खेळाडूंच्या वाट्याला त्यातले फार थोडे येत असे. 1922 पासून कमाल पगार मोसमात आठवड्याला 8 पौंड आणि उन्हाळ्यात 6 पौंड असा बांधलेला होता. तो कुशल कामगाराच्या मजुरीहून बराच चांगला असला, तरी म्हातारपणाची बेगमी व्हावी इतका नव्हता. शिवाय खेळाडूची नोंदणी क्लबाच्या ताब्यात असे. क्लबाने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे.

कीनर खेळायचा हाफबॅकच्या फळीत, बहुधा मधल्या जागी. त्या काळचा सेंटर हाफ हा मैदानाच्या मधोमध संघाचा कणा असे. बचावाला मागे धावायचे आणि चेंडू मिळताच चढाई सुरू करून द्यायची, ही दोन्ही कामे त्याचीच. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्या दरम्यान तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी पुरे, असे ठरले आणि बहुतेक संघांनी सेंटर हाफला मागे खेचून निव्वळ बचावपटू केले. कीनरने दोन्ही तऱ्हा निभावल्या. त्याच्या पायात जादू नव्हती. समकालीनांच्या आठवणींत येतो तो त्याचा न संपणारा दम, धडक देऊन चेंडू काढून घेण्याची रांगडी पद्धत आणि मैदानभर ऐकू जाणारा आवाज. सिगारेटी तो भरपूर ओढायचा, वुडबाइन या स्वस्त आणि कडक जातीच्या. आठवड्याच्या पहिल्या दिवसांत तो लष्करातले जड बूट घालून सराव करायचा, म्हणजे शनिवारी फुटबॉलचे बूट हलके वाटायचे, असे सांगतात.

पहिल्या श्रेणीतल्या तिसऱ्या मोसमात, 1923-24 मध्ये, कार्डिफ सिटी विजेतेपदाच्या इतकी जवळ पोहोचली की तो हिशेब वेल्समध्ये आजही आकड्यांसकट सांगितला जातो. 3 मे 1924 रोजी शेवटचे सामने होते. कार्डिफ 56 गुणांवर, व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांचा हडर्सफील्ड टाऊन 55 वर. कार्डिफचा सामना बर्मिंगहॅममध्ये होता आणि तो जिंकला की दुसरे काही बघायचे नव्हते. गोलशून्य स्थितीत बर्मिंगहॅमच्या बचावपटूचा हात चेंडूला लागला आणि कार्डिफला पेनल्टी मिळाली. किक घ्यायला नेहमीचे लोक पुढे येईनात. अखेर मोसमात सर्वाधिक गोल करणारा लेन डेव्हिस पुढे झाला. गोलरक्षक डॅन ट्रेमेलिंगने त्याचा फटका अडवला आणि सामना 0-0 असा सुटला. तिकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 3-0 असे हरवले.

दोघांचेही 57 गुण झाले. बरोबरी फोडायला केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागत. हडर्सफील्डचे 60 ला 33, म्हणजे 1.818, कार्डिफचे 61 ला 34, म्हणजे 1.794. फरक 0.024 चा. आजच्या नियमाने भागाकाराऐवजी वजाबाकी केली असती, तर दोघांचाही फरक 27 आला असता आणि एक गोल जास्त केल्यामुळे विजेतेपद कार्डिफला गेले असते. वेल्सच्या कोणत्याही क्लबाला इंग्लंडच्या लीगचे अजिंक्यपद अजून मिळालेले नाही.

त्याच मोसमात कीनरला राष्ट्रीय संघाच्या रूपाने भरपाई मिळाली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्यात दरवर्षी होणारी स्पर्धा हीच तेव्हा ब्रिटनची खरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. कीनर 1920 मध्ये वेल्सकडून पहिल्यांदा खेळला. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या हायबरी मैदानावर वेल्सने इंग्लंडला 2-1 असे हरवले, तेव्हा पंचेचाळिशी गाठलेला बिली मेरेडिथ आपला शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळत होता. युद्धापूर्वीच्या वेल्श फुटबॉलचा हा सर्वांत मोठा खेळाडू निवृत्त होत असताना त्याच संघात कीनर नवखा होता. ती स्पर्धा वेल्सने जिंकली.

1924 ची कामगिरी त्याहून मोठी होती. 16 फेब्रुवारीला निनियन पार्कवर वेल्सने स्कॉटलंडला 2-0 असे हरवले. नाणेफेकीसाठी दोन देशांचे कर्णधार समोरासमोर आले ते एकाच क्लबाचे सोबती होते : वेल्सचा कीनर आणि स्कॉटलंडचा जिमी ब्लेअर, दोघेही कार्डिफ सिटीचे, आणि मैदानही त्यांचेच. मार्चमध्ये ब्लॅकबर्नला इंग्लंडवर 2-1 असा आणि बेलफास्टला आयर्लंडवर 1-0 असा विजय मिळाला. तिन्ही सामने जिंकून वेल्सने स्पर्धा घेतली. 1928 मध्ये ती पुन्हा जिंकली, तेव्हाही संघात कीनर होताच.

क्लब आणि देश यांतली ओढाताणही त्याने पाहिली. आंतरराष्ट्रीय सामना असला तरी खेळाडू सोडायचा की नाही हे इंग्लंडमधले क्लब ठरवत, आणि वेल्सचे चांगले खेळाडू बहुतेक त्याच क्लबांत असत. ऑक्टोबर 1930 मध्ये ग्लासगोला स्कॉटलंडविरुद्ध खेळायला क्लबांनी खेळाडू दिलेच नाहीत. वेल्सच्या संघटनेचे सचिव टेड रॉबिन्स यांनी खालच्या श्रेणींतून आणि लीगबाहेरून माणसे गोळा केली. अकरांपैकी नऊ जण देशासाठी पहिल्यांदाच खेळत होते. वर्तमानपत्रांनी त्यांना 'अनोळखी मंडळी' म्हणून हिणवले. छत्तिशी गाठलेल्या कीनरच्या नेतृत्वाखाली त्यांनी आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंडला 1-1 असे रोखले. वेल्सच्या फुटबॉलच्या इतिहासात काही विजयांपेक्षा या बरोबरीची आठवण जास्त काढली जाते, आणि ते रास्तच आहे.

कपकडे वळायचे तर आधी 1925 पाहिले पाहिजे. त्या वर्षी 25 एप्रिलला कार्डिफ सिटी पहिल्यांदा वेम्ब्लीवर अंतिम सामना खेळली. प्रतिस्पर्धी शेफील्ड युनायटेड. पहिल्या अर्ध्या तासातच उजवा हाफबॅक हॅरी वेक चेंडूवर जायला क्षणभर रेंगाळला, डाव्या बगलेचा फ्रेड टनस्टॉल चेंडू घेऊन निसटला आणि त्याने गोल केला. तेवढ्या एका गोलावर कप गेला.

पुढची दोन वर्षे क्लबाला बरी गेली नाहीत, आणि दक्षिण वेल्सला तर फारच वाईट गेली. 1925 मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा युद्धापूर्वीच्या दराने सोन्याशी जोडला. त्याने ब्रिटिश कोळसा परदेशात महाग झाला. खाणमालकांनी मजुरी कापायची आणि तास वाढवायचे ठरवले. मे 1926 मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगारांची टाळेबंदी वर्षअखेरीपर्यंत चालली. शेवटी भुकेने कामगार हरले आणि कमी मजुरीवर परत खाणीत उतरले. 1926-27 चा मोसम या काळात सुरू झाला. कार्डिफची लीगमधली कामगिरीही सुमारच होती.

कपमध्ये मात्र संघ वेगळाच दिसू लागला. तिसऱ्या फेरीत त्याने ॲस्टन व्हिलाला हरवले, चौथ्या फेरीत डार्लिंग्टनला आणि पाचव्या फेरीत गतविजेत्या बोल्टन वाँडरर्सला त्यांच्याच मैदानावर 2-0 असे. बोल्टनच्या सामन्याआधी संघ साउथपोर्टला मुक्कामाला होता. तिथल्या गोल्फच्या मैदानावर एक काळे मांजर आघाडीवीर ह्यूई फर्ग्युसनच्या मागे लागले. ब्रिटनमध्ये काळे मांजर शुभ मानतात. मालकाला अंतिम सामन्याची तिकिटे कबूल करून खेळाडूंनी ते मांजर सोबत घेतले आणि त्याचे नाव ट्रिक्सी ठेवले, अशी हकिगत आहे. उपांत्यपूर्व फेरीत चेल्सीशी 0-0 अशी बरोबरी झाली. निनियन पार्कवरचा फेरसामना कार्डिफने 3-2 असा काढला. उपांत्य सामन्यात रेडिंगचा 3-0 असा धुव्वा उडवला.

अंतिम सामन्यात समोर आर्सेनल होता. त्याचे व्यवस्थापक तेच हर्बर्ट चॅपमन, ज्यांच्या हडर्सफील्डने तीन वर्षांपूर्वी अपूर्णांकाने कार्डिफचे अजिंक्यपद हिरावले होते. आर्सेनलसारखा क्लबही तोवर एकदाही कपच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या चुकीचा डाग पुसायची संधी हॅरी वेकला मिळाली नाही. दुखापतीमुळे तो बाहेर बसला आणि त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा अर्नी कर्टिस आला.

वेल्सचा म्हणून मिरवलेला हा संघ फारसा वेल्श नव्हता. अकरांत कीनर, कर्टिस आणि लेन डेव्हिस असे तिघेच वेल्सचे. गोलरक्षक टॉम फार्कर्सन, टॉम वॉटसन, टॉम स्लोन आणि सॅम आयर्विंग हे चौघे आयरिश. जिमी नेल्सन, जॉर्ज मॅक्लाख्लन आणि फर्ग्युसन हे तिघे स्कॉटिश. बिली हार्डी एकटा इंग्रज. फार्कर्सनची आठवण फुटबॉलच्या नियमांतही राहिली आहे. पेनल्टी मारणाऱ्याच्या अंगावर तो गोलरेषेवरून धावत जायचा. फटका बसेपर्यंत गोलरक्षकाने रेषेवरच थांबावे, हा 1929 चा नियम त्याच्यामुळे झाला असे मानले जाते.

23 एप्रिलला वेम्ब्लीवर 91 हजारांहून अधिक लोक होते. पंचम जॉर्ज राजा आला होता. डेव्हिड लॉइड जॉर्ज आणि विन्स्टन चर्चिल हेही हजर होते. सामन्याआधी जमावाने मिळून गाणी म्हटली आणि त्यात 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन होते. कपच्या अंतिम सामन्याआधी ते म्हणण्याची प्रथा त्या दिवसापासून पडली. आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच घडली : हा सामना रेडिओवरून धावत्या वर्णनासह प्रसारित झाला. जॉर्ज ॲलिसन आणि डेरेक मॅक्युलॉक यांनी तो सांगितला. श्रोत्यांना चेंडू कुठे आहे ते कळावे म्हणून बीबीसीच्या नियतकालिकात मैदानाचा चौकटी पाडलेला नकाशा छापला होता. ॲलिसन खेळ सांगायचे आणि दुसरा आवाज मधूनमधून फक्त चौकटीचा आकडा पुकारायचा. कार्डिफच्या कॅथेज पार्कमध्ये कर्णे लावले होते. ज्यांना लंडनच्या गाडीभाड्याला पैसे नव्हते, आणि टाळेबंदीनंतर असे लोक पुष्कळ होते, ते तिथे उभे राहून आकडे ऐकत होते.

खेळ म्हणाल तर सामना बेताचाच झाला. आर्सेनलने चढाया जास्त केल्या. कीनर आणि त्याच्या हाफबॅकनी आर्सेनलच्या चार्ली बकनला आणि त्याच्या जोडीदारांना नेम धरण्याइतकी मोकळीक दिली नाही. 74 व्या मिनिटाला फर्ग्युसनने गोलच्या दिशेने एक फटका मारला. जमिनीलगतचा, फार जोराचा नाही. आर्सेनलच्या गोलरक्षकाने, डॅन लुईसने, गुडघा टेकून तो छातीशी घेतला. चेंडू हातात आला, निसटला आणि बगलेखालून मागे गेला. लेन डेव्हिस अंगावर धावून येत होता. लुईस वळून चेंडू पकडायला गेला आणि त्याचेच कोपर लागून चेंडू हळूच रेषेपलीकडे घरंगळला.

डॅन लुईस वेल्सचाच होता, ऱ्होंडा खोऱ्यातल्या मार्डी या खाणगावचा. त्याने मुद्दाम चूक केली अशी कुजबुज पुढे झाली. तिला कसलाच आधार नाही. लुईसने दोष दिला तो अंगातल्या नव्याकोऱ्या जर्सीला. तिच्या लोकरीवरचा तेलकटपणा गेलेला नव्हता आणि चेंडू तिच्यावरून सटकला, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर मोठ्या सामन्याआधी गोलरक्षकाची जर्सी एकदा धुऊन घेण्याचा रिवाज आर्सेनलने पाळला. सामना संपल्यावर लुईसने आपले पदक फेकून दिले आणि त्याचा सोबती बॉब जॉन, तोही वेल्सचाच, त्याने ते उचलून परत दिले, असे सांगतात.

राजाने कप कीनरच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी संघ कार्डिफला परतला तेव्हा स्टेशनपासून पुढचे रस्ते माणसांनी तुंबले होते. रग्बीच्या मुलखात एका फुटबॉल संघासाठी लोटलेली ती गर्दी होती. त्याच मोसमात क्लबाने ऱ्हिलला हरवून वेल्श कपही घेतला. दोन देशांचे राष्ट्रीय कप एकाच वर्षी एकाच क्लबाकडे येण्याचे दुसरे उदाहरण नाही. ऑक्टोबरमध्ये हौशी खेळाडूंच्या कोरिंथियन्स संघावर 2-1 असा विजय मिळवून चॅरिटी शील्डही आली.

उतरण मात्र फार दूर नव्हती. खोऱ्यांतली बेकारी वाढत होती, प्रेक्षक घटत होते, नवे खेळाडू घ्यायला पैसा नव्हता आणि जुने थकत चालले होते. 1928-29 मध्ये कार्डिफ सिटी पहिल्या श्रेणीत तळाला गेली. गंमत अशी की त्या मोसमात संपूर्ण श्रेणीत सर्वांत कमी गोल तिच्यावरच झाले होते, 59. बचाव शाबूत होता. गोल करणारे उरले नव्हते. फर्ग्युसन 1929 मध्ये स्कॉटलंडला डंडी क्लबाकडे गेला. तिथे त्याचा खेळ बसला नाही आणि जानेवारी 1930 मध्ये त्याने आत्महत्या केली. वेम्ब्लीचा एकमेव अधिकृत गोल ज्याच्या नावावर आहे तो असा तीन वर्षांच्या आत गेला. 1931 मध्ये कार्डिफ दुसऱ्या श्रेणीतूनही घसरली. त्याच वर्षी क्लबाने कीनरला मोकळे केले. सदतिसाव्या वर्षी तो तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागातल्या क्रू अलेक्झांड्राकडे गेला आणि तिथे असतानाच, 1931 च्या ऑक्टोबरअखेर, रेक्समला स्कॉटलंडविरुद्ध वेल्सकडून अखेरचा खेळला.

1932 मध्ये वेल्समधल्या विमाधारक कामगारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बेकार होते. 1934 मध्ये कार्डिफ सिटी तिसऱ्या श्रेणीच्या दक्षिण विभागात अगदी शेवटची आली आणि लीगमध्ये राहू द्या म्हणून तिला इतर क्लबांकडे मतांची याचना करावी लागली. कप जिंकल्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. त्याच वर्षी कीनरने क्रू सोडले. त्यानंतर ऑस्वेस्ट्री टाऊन आणि केंटमधल्या टनब्रिज वेल्स रेंजर्स या लीगबाहेरच्या संघांत तो खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही नात्यांनी राहिला. मधुमेहाने त्याला गाठले. एकदा तर जिवावर बेतले, आणि त्याच्या मदतीसाठी निधी गोळा करावा लागला.

इथे आठ पौंडांचा तो कमाल पगार पुन्हा आठवतो. वेम्ब्लीवर राजाच्या हातून कप घेतलेला हा कर्णधार पुढे केंटमध्ये कोंबड्या पाळून आणि शेतावर राबून जगला, आणि कार्डिफला परतल्यावर बांधकामावर मजुरी करत होता. यात त्याची उधळपट्टी किंवा दुर्दैव शोधण्याचे कारण नाही. त्या पिढीतल्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंच्या वाट्याला हेच आले. हजारोंच्या गर्दीचे पैसे क्लबांच्या तिजोरीत गेले आणि खेळाडू ज्या कामगारवस्तीतून आले होते तिथेच परत गेले. कमाल पगाराची मर्यादा 1961 मध्ये उठली, तेव्हा कीनर 66 वर्षांचा होता.

19 ऑक्टोबर 1972 रोजी तो वारला. निनियन पार्क 2009 मध्ये बंद झाले. क्लब रस्त्यापलीकडच्या नव्या मैदानात गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 2008 मध्ये, कार्डिफ सिटी 81 वर्षांनी पुन्हा कपच्या अंतिम सामन्यात पोहोचली होती आणि पोर्ट्समथकडून 1-0 अशी हरली होती. नोव्हेंबर 2012 मध्ये नव्या मैदानाबाहेर कीनरचा पुतळा उभा राहिला. त्याच्या हातात कप आहे.